‘मला गणित येत नाय’ म्हणणाऱ्या मावशीचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रमात मी आमच्या वाडीत स्वयंसेवक म्हणून शिकवते. वर्गातल्या बहुतेक बायका मासळी विकणाऱ्या. पहिल्या दिवशी पाटीवर १९६० लिहून वाचायला सांगितलं, तर साठीची एक मावशी मान खाली घालून म्हणाली, “बाय, मला गणित-बिणित काय येत नाय. नाव लिवायला शिकव, तेवढं पुरे.”

त्याच सकाळी मी तिला हर्णैच्या बंदरावर पाहिलं होतं. लिलावात दीडशे बांगडे १८०० रुपयांना घेतले. बर्फाचे ६०, रिक्षाचे १००. पाच बांगड्यांचा वाटा, म्हणजे तीस वाटे. पंचवीस वाटे ८० रुपयांनी गेले की खर्च निघून वर ४० राहतात, शेवटचे पाच ६० ने काढले तरी ३४० रुपये गाठीला. अंगठा पेरांवरून फिरवत, टोपली डोक्यावर घ्यायच्या आत तिचा हा हिशेब झालासुद्धा. पाटीवरचा आकडा तिच्याच खर्चाचा होता.

दुसरीत पाढा चुकला म्हणून हातावर पट्टी बसली, ती तिला अजून आठवते. शाळा तिथेच सुटली. आता घरात मुलगा म्हणतो, “आई, तुला कळायचं नाय, दे इकडे.” टोपलीपाशी क्यूआर कोड लावलाय, पण पैसे मुलाच्या खात्यात जातात. दिवसभरात किती जमले हे तिला त्यालाच विचारावं लागतं. याचं मला फार वाईट वाटतं.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीससाठी ‘वीस एक, वीस दोन’ असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! मलाही ते रुचलं नव्हतं. पण गणितज्ञ मंगला नारळीकर सांगत होत्या की अवघड संख्यानावांमुळे मुलांच्या मनात गणिताची नावड बसते. ‘एकोणसत्तर’ आणि ‘एकोणऐंशी’पाशी अडखळून गप्प होणाऱ्या बायका रोज समोर बसल्यावर मला त्यांचं म्हणणं पटलं. आमच्यातल्या म्हाताऱ्या अजून ‘तीन विसा नि पाच’ म्हणतात. मी आता तिथूनच सुरुवात करते, पासष्ट मागून येतात.

ही भीती महागातही पडते. वर्गातल्या एकीने खासगी फायनान्सवाल्याकडून १०,००० रुपये घेतले होते. बचत गटासारखंच शेकडा दोन महिना, असं तिला सांगितलं होतं. हप्ता १२०० चा, महिने दहा. मी जमिनीवर दहा चिंचोके मांडले, एकेक हजाराचा एकेक. दर महिन्याला मुद्दल फिटलं म्हणून एक उचलायचा आणि बचत गटात धरतात तसं उरलेल्यांवरच व्याज धरायचं: २००, १८०, १६०... शेवटी २०. बायकांनीच बेरीज केली, ११०० झाले. ती मात्र व्याजाचे २००० भरत होती. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग ती म्हणाली, “चिंचोके उचलून घेतले नि व्याज दहावरच?” एवढा नेमका प्रश्न कागदावर सही करण्याआधी तिने का विचारला नाही? “लोक हसतील म्हणून.”

या कार्यक्रमाच्या परीक्षेत १५० पैकी ५० गुण संख्याज्ञानाला आहेत, हे चांगलंच आहे. माझी विनंती एवढीच की त्या तयारीत वाटा, हप्ता, व्याज, पासबुक आधी घ्यावं आणि तोंडी हिशेबाला मान द्यावा. साठीच्या बाईसमोर चित्रातली फुगे-फुलं मोजायला ठेवू नयेत, तिला तो अपमान वाटतो. आणि किनाऱ्यावरच्या गावांत वर्गाचा भर १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीत ठेवावा. तेव्हा लिलाव नसतो, दुपारी बायका मोकळ्या असतात. शेतीवाल्यांची लावणी नेमकी त्याच दिवसांत येते, त्यांच्यासाठी वेगळी वेळ हवी. शिक्षण विभागाने येत्या जूनपूर्वी यावर विचार करावा.

आपली,
एक वाचक
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी