थकबाकीचा चुकीचा हिशोब आणि ५४२ डॉलरची बेकायदा मागणी: प्रतिनिधी कंपनीकडे तक्रार पत्र

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग
अपंगत्व लाभाचे दावे चालवणारी प्रतिनिधी कंपनी

ऑक्टोबर २०२५

विषय: एसएसडीआय दाव्याच्या निकालानंतर दिलेले थकबाकीचे चुकीचे हिशोबपत्रक, मंजूर शुल्काव्यतिरिक्त केलेली मागणी आणि ग्राहकांच्या माहितीपत्रकातील चुका.

महोदय/महोदया,

अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा प्रशासनापुढे आमच्या घरातील दावेदाराचा अपंगत्व विम्याचा, म्हणजे एसएसडीआयचा, दावा तुमच्या कंपनीने चालवला. दावा मंजूर झाला आणि त्यातल्या तुमच्या कामाबद्दल आमचे काही म्हणणे नाही. निकालानंतर तुमच्या मराठी ग्राहक-कक्षाने पाठवलेल्या दोन कागदांबद्दल आणि तुमच्या छापील माहितीपत्रकाबद्दल ही तक्रार आहे. पहिला कागद 'अपेक्षित थकबाकी' (म्हणजे दावेदाराला मिळायचा मागील महिन्यांचा साचलेला लाभ) या नावाचा आणि दुसरा अंतिम बिलाचा. पहिल्यात ५०,३२० डॉलरचा आकडा आहे. प्रशासनाच्या मंजुरीपत्रात थकबाकी ३८,९६८ डॉलर आहे. फरक ११,३५२ डॉलरचा पडतो. पहिला कागद तुम्ही मागे घेतला नाही, की फरक का पडला हेही कळवले नाही.

तुमच्या पत्रकात एकही तारीख नाही. 'एकूण महिने ३४, दर १,४८०' एवढेच आहे. थकबाकीचा आकडा चार तारखांवर उभा राहतो: अपंगत्व कधी सुरू झाले असे न्यायाधीशांनी ठरवले, अर्ज कधी झाला, पात्रतेचा पहिला महिना कोणता आणि प्रशासनाने निकाल अमलात कधी आणला. या चार तारखा न लिहिता दिलेला आकडा ग्राहकाला तपासताच येत नाही. म्हणून याच दाव्याचा हिशोब खाली तारीखवार मांडत आहोत.

न्यायाधीशांनी अपंगत्वाची सुरुवात १० नोव्हेंबर २०२२ धरली. एसएसडीआयमध्ये सुरुवातीचे पाच पूर्ण कॅलेंडर महिने प्रतीक्षाकाळाचे असतात आणि त्यांचे पैसे कधीच मिळत नाहीत. (एएलएस या मज्जातंतूंच्या आजारासाठी ही अट काढून टाकली आहे, बाकी सर्वांना ती लागू आहे.) 'पूर्ण' हा शब्द इथे महत्त्वाचा. नोव्हेंबरचे पहिले नऊ दिवस अपंगत्वाबाहेर असल्यामुळे तो महिना मोजला जात नाही. डिसेंबर २०२२ ते एप्रिल २०२३ हा प्रतीक्षाकाळ आणि मे २०२३ हा पात्रतेचा पहिला महिना. सुरुवात १ नोव्हेंबर ठरली असती तर नोव्हेंबरही मोजला गेला असता आणि लाभ एप्रिलपासून सुरू झाला असता. म्हणजे नऊ दिवसांच्या फरकाने एका महिन्याचा पूर्ण लाभ जातो. अशी गोष्ट ग्राहकाला समजावून सांगणे हे प्रतिनिधीचे काम आहे. तुम्ही मात्र नोव्हेंबर २०२२ पासून सरसकट महिने मोजले.

शेवटचा महिनाही चुकला. प्रशासनाने निकाल ऑगस्ट २०२५ मध्ये अमलात आणला. शुल्कासाठी थकबाकी त्याच्या आदल्या महिन्यापर्यंत, म्हणजे जुलैपर्यंत मोजतात. ऑगस्टचा लाभ बुडत नाही. दर महिन्याचा लाभ पुढच्या महिन्यात जमा होतो, त्या रीतीने तो सप्टेंबरमध्ये नियमित हप्ता म्हणून येतो. पण तो थकबाकीत धरला की तुमच्या टक्केवारीचा पाया फुगतो.

तिसरी चूक दराची. आजचा १,४८० डॉलरचा दर तुम्ही सगळ्या महिन्यांना लावला. महागाईवाढ डिसेंबरच्या लाभापासून लागू होते आणि जानेवारीत हातात येते. मे ते नोव्हेंबर २०२३ या सात महिन्यांचा दर १,४०० डॉलर होता, त्याचे ९,८०० झाले. त्यानंतर ३.२ टक्के वाढ लागली आणि डॉलरखालची रक्कम सोडून दर १,४४४ झाला. डिसेंबर २०२३ ते नोव्हेंबर २०२४ या बारा महिन्यांचे १७,३२८. पुढे २.५ टक्के वाढीने दर १,४८० झाला. डिसेंबर २०२४ ते जुलै २०२५ या आठ महिन्यांचे ११,८४०. एकूण २७ महिने आणि ३८,९६८ डॉलर, म्हणजे मंजुरीपत्रातलाच आकडा. तुमचे सात महिने जास्तीचे, त्यांचे १०,३६० डॉलर. जुन्या महिन्यांना नवा दर लावल्याचे ९९२. बेरीज ११,३५२. फरकाचा एकेक डॉलर इथे सापडतो. तुमच्या कार्यालयाने फोनवर सांगितले तसे 'प्रशासनाने कापून घेतले' असे काही झालेले नाही.

आता शुल्क. आपल्यातील शुल्क-करारानुसार तुमचे शुल्क थकबाकीच्या २५ टक्के किंवा प्रशासनाने ठरवलेली कमाल मर्यादा, यांपैकी जे कमी असेल ते. ३० नोव्हेंबर २०२४ पासूनच्या अनुकूल निकालांसाठी ही मर्यादा ९,२०० डॉलर आहे. त्याआधी ती ७,२०० होती. ३८,९६८ चे २५ टक्के ९,७४२ होतात, म्हणून मर्यादा लागते आणि शुल्क ९,२०० ठरते. प्रशासनाने तेवढी रक्कम थकबाकीतून वळती करून थेट तुम्हाला दिली आणि दावेदाराच्या खात्यात २९,७६८ डॉलर आले. हिशोब तिथे संपायला हवा होता.

त्यानंतर तुमचे बिल आले. त्यात 'उर्वरित शुल्क ५४२ डॉलर' ही ओळ आहे. प्रशासनाने मंजूर केलेल्या शुल्कापेक्षा एक डॉलरही जास्त मागण्याचा अधिकार प्रतिनिधीला नाही. सामाजिक सुरक्षा कायद्याच्या कलम २०६ नुसार अशी वसुली हा शिक्षापात्र गुन्हा आहे. ही मागणी एखाद्या कारकुनाच्या नजरचुकीने गेली असेल, तर इतर ग्राहकांच्या बिलांतही तीच ओळ गेली आहे का हे तुम्हीच तपासायला हवे. मर्यादेला टेकलेल्या प्रत्येक दाव्यात ही चूक होऊ शकते आणि आजारपणात उत्पन्न बुडालेली माणसे न विचारता पैसे भरून मोकळी होतात. आम्हाला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट ही आहे.

त्याच बिलातली 'प्रक्रिया शुल्क' ही ओळही चुकीची आहे. शुल्क थेट देण्याच्या सोयीसाठी प्रशासन प्रतिनिधीच्या रकमेतून ६.३ टक्क्यांपर्यंत, ठरावीक कमाल रकमेच्या आत, एक आकार कापते. तो प्रतिनिधीने सोसायचा असतो आणि तो ग्राहकाकडून वसूल करण्यास मनाई आहे. 'वैद्यकीय कागदपत्रांचा खर्च ३५० डॉलर' ही ओळ वेगळी. दवाखान्यांकडून नोंदी मिळवण्याचा प्रत्यक्ष खर्च शुल्काबाहेर घेता येतो, हे आम्हाला मान्य आहे. पण कोणत्या दवाखान्याला किती पैसे दिले याच्या पावत्या हव्यात. गोल आकड्याला आम्ही खर्च मानत नाही.

निकालानंतर तुमच्या कार्यालयाने अपिलाचाही आग्रह धरला होता. दावेदाराने अपंगत्वाची सुरुवात १५ ऑगस्ट २०२२ सांगितली होती आणि न्यायाधीशांनी ती जवळजवळ तीन महिने पुढे नेली, म्हणून 'तीन महिन्यांचे पैसे परत मिळवू' असे सांगण्यात आले. हे गणित टिकत नाही. अर्ज १४ मार्च २०२४ चा आहे. अपंगत्व कितीही आधीचे असले तरी एसएसडीआयचा लाभ अर्जाच्या महिन्याच्या १२ महिन्यांपेक्षा मागे जात नाही, म्हणजे मार्च २०२३ च्या मागे नाही. ऑगस्टची तारीख पूर्ण मान्य झाली असती, तरी प्रतीक्षाकाळ जानेवारीत संपून फेब्रुवारी २०२३ चा महिना या मर्यादेत अडकला असता. मिळाले असते ते मार्च आणि एप्रिल असे दोन महिने, १,४०० च्या दराने २,८०० डॉलर. त्यासाठी अपील परिषदेसमोर संपूर्ण निकाल पुन्हा उघडण्याचा धोका पत्करावा लागला असता, कारण परिषद फक्त तारीख पाहण्यास बांधलेली नसते. मंजूर झालेला भागही ती तपासू शकते. अपिलाची मुदत नोटीस मिळाल्यापासून ६० दिवसांची असते आणि नोटीस पाच दिवसांत पोहोचली असे धरतात. एवढ्या थोड्या वेळात ग्राहकाने निर्णय घ्यायचा, तर मिळकत आणि धोका दोन्ही त्याच्यापुढे आकड्यांत मांडायला हवेत.

माहितीपत्रकातली मेडिकेअरबद्दलची, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याबद्दलची, तुमची ओळ तर थेट नुकसान करणारी आहे. 'निकालापासून दोन वर्षांनी' असे तुम्ही लिहिले आहे. ते २४ महिने पात्रतेच्या पहिल्या महिन्यापासून मोजतात. मे २०२३ पासूनचे २४ महिने एप्रिल २०२५ ला पूर्ण झाले, त्यामुळे १ मे २०२५ पासून मेडिकेअर लागू झाले. निकाल हाती आला तेव्हा ते सुरूच होते. अशा वेळी भाग-बी (मेडिकेअरचा डॉक्टरांच्या व बाह्यरुग्ण उपचारांचा भाग) मागील तारखेपासून घ्यायचा की पुढून, हा पर्याय असतो. मागील तारखेपासून घेतला तर तेवढ्या महिन्यांचा हप्ता (२०२५ साठी महिना १८५ डॉलर) भरावा लागतो. त्या महिन्यांतली मोठी बिले पडून असतील तर तो फायद्याचा, नसतील तर नाहक खर्च. तुमच्या माहितीपत्रकावर विसंबून राहणारा ग्राहक २०२७ पर्यंत वाट पाहत बसेल.

करासंबंधी तुम्ही फक्त 'सर्व रक्कम २०२५ चे उत्पन्न' एवढे लिहिले आहे. पैसे २०२५ मध्ये मिळाल्यामुळे ते त्या वर्षाच्या एसएसए-१०९९ फॉर्मवर (प्रशासन देते त्या वार्षिक लाभाच्या दाखल्यावर) येतात, हे बरोबर. पण त्याच फॉर्मच्या तिसऱ्या रकान्याखाली कोणत्या वर्षाचे किती, ही फोडही असते. एकरकमी रकमेची निवड करून मागील वर्षांच्या लाभाचा करपात्र भाग त्या त्या वर्षाच्या उत्पन्नावर काढता येतो. त्यासाठी जुनी विवरणपत्रे बदलावी लागत नाहीत. फॉर्म १०४० या आयकर विवरणपत्रावरची ६-सी ही चौकट भरायची आणि कर कमी येत असेल तरच हा मार्ग घ्यायचा. काम सुटल्यानंतरच्या वर्षांत उत्पन्न कमी असते, त्यामुळे यात बऱ्याच जणांचा फायदा होतो. आणखी एक बाब आवर्जून कळवायला हवी होती: फॉर्मवरच्या रकमेत तुम्हाला गेलेले शुल्कही असते. हातात २९,७६८ आले म्हणून तोच आकडा विवरणपत्रात लिहिणाऱ्याला पुढे कर विभागाची नोटीस येऊ शकते.

तुमच्या छापील माहितीपत्रकात एसएसआय (कमी उत्पन्न व मालमत्ता असलेल्यांसाठीचा वेगळा लाभ) आणि एसएसडीआय एकाच परिच्छेदात आहेत, आणि त्यातून होणारी दिशाभूल गरीब ग्राहकांना जास्त महागात पडेल. एसएसआयला पाच महिन्यांची प्रतीक्षा नाही, पण तिचा लाभ अर्जाच्या मागेही जात नाही. तो अर्जाच्या पुढच्या महिन्यापासून सुरू होतो. 'थकबाकी एकरकमी मिळते' हे वाक्य एसएसआयसाठी चूक आहे. थकबाकी मासिक केंद्रीय दराच्या तिपटीइतकी किंवा जास्त झाली, की ती सहा-सहा महिन्यांच्या अंतराने जास्तीत जास्त तीन हप्त्यांत देतात. २०२५ चा दर ९६७ डॉलर असल्यामुळे, राज्याची भर नसेल तर, पहिले दोन हप्ते प्रत्येकी २,९०१ डॉलरच्या आत राहतात आणि उरलेले तिसऱ्यात. घरभाडे, अन्न, कपडे किंवा औषधोपचाराची देणी कागदोपत्री दाखवली तर हप्ता वाढवून मागता येतो. हे माहीत नसेल तर माणूस एकरकमी पैशांच्या भरवशावर घरमालकाला किंवा दवाखान्याला तारीख देऊन बसतो. आलेली थकबाकी नऊ महिने मालमत्तेत धरत नाहीत. त्यानंतर उरलेले पैसे एकट्या व्यक्तीच्या २,००० डॉलरच्या मर्यादेत मोजले जातात आणि मासिक लाभ थांबू शकतो. तुमच्या माहितीपत्रकात या मुदतीचा उल्लेखही नाही.

दोन्ही लाभ एकाच काळासाठी मिळाले तर दुहेरी पैसे मिळत नाहीत, हेही त्यात लिहा. आधी दिलेला एसएसआय एसएसडीआयच्या थकबाकीतून वजा होतो. कामगार भरपाई (कामावरच्या दुखापतीची भरपाई) घेणाऱ्यांच्या बाबतीत दोन्ही मिळून सरासरी पूर्वकमाईच्या ८० टक्क्यांवर गेले तर सर्वसाधारणपणे एसएसडीआय कमी होतो. खासगी दीर्घकालीन अपंगत्व विमा असलेल्यांकडून विमा कंपनी बहुतेक वेळा थकबाकीतला वाटा परत मागते, म्हणून पैसे खर्चण्याआधी पॉलिसीतले ते कलम वाचायला सांगा.

आमच्या मागण्या अशा आहेत. ५४२ डॉलर आणि प्रक्रिया शुल्क या दोन्ही ओळी रद्द करून सुधारित बिल लेखी पाठवावे. वैद्यकीय नोंदींच्या खर्चाच्या पावत्या द्याव्यात. पावती असेल तेवढी रक्कम लगेच भरू. 'अपेक्षित थकबाकी' पत्रक चुकीचे होते असे लेखी कळवावे आणि वर सांगितलेल्या चारही तारखा व प्रत्येक काळाचा दर दाखवणारे नवे पत्रक द्यावे. मेडिकेअर, कर आणि एसएसआयच्या हप्त्यांविषयीचा मजकूर दुरुस्त होईपर्यंत माहितीपत्रकाचे वाटप थांबवावे. आणि ३० नोव्हेंबर २०२४ नंतर ज्या ज्या ग्राहकांचे शुल्क मर्यादेला टेकले, त्यांची बिले तपासून जादा घेतलेले पैसे परत करावेत.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मंजुरीपत्र, शुल्क-करार आणि दोन्ही कागदांच्या प्रती सामाजिक सुरक्षा प्रशासनाच्या महानिरीक्षक कार्यालयाकडे पाठवू. त्या प्रती या पत्रासोबतही जोडल्या आहेत.

आपले,
दावेदार व कुटुंबीय

सोबत: मंजुरीपत्राची प्रत, शुल्क-कराराची प्रत, 'अपेक्षित थकबाकी' पत्रक, अंतिम बिल, माहितीपत्रकाची खुणा केलेली प्रत