छत्री बसवण्याआधी अर्थिंग पाहावे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या भागात डिश, म्हणजे गावच्या भाषेत छत्री, बसवणारा माणूस अर्ध्या तासात काम उरकून जातो. डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला असल्याने विदर्भातून छत्री आग्नेयेकडे, क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर रोखावी लागते. ते तो बिनचूक साधतो, कारण चित्र दिसल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. छत्रीचा खांब जमिनीला जोडला का, हे मात्र ना तो सांगत ना घरमालक विचारत.

मी स्वतः तारतंत्री म्हणून निवृत्त झालो, तरी चुकलो. खांबासाठी अंगणात वेगळा रॉड ठोकला आणि मीटरजवळच्या जुन्या अर्थिंगशी तो जोडण्याचा कंटाळा केला. गेल्या वर्षी रोहिणी नक्षत्रात मागच्या धुऱ्यावरच्या कडुनिंबावर वीज पडली. छत्री शाबूत राहिली, पण सेट-टॉप बॉक्स आणि टीव्ही दोन्ही गेले. वीज जवळ पडली की थोड्या अंतरावरच्या दोन ठिकाणच्या जमिनीतही क्षणभर हजारो व्होल्टचा फरक पडू शकतो, आणि दोन अर्थिंग आपसांत जोडलेली नसतील तर विजेचा प्रवाह केबलच्या मधल्या तारेभोवतीच्या धातूच्या जाळीतून, टीव्हीमार्गे, घराच्या वायरिंगमध्ये वाट शोधतो. रॉड कितीही असोत, ते जाड तांब्याच्या तारेने एकमेकांशी जोडलेलेच हवेत.

म्हणून आखणीची सुरुवात छपरावरून नव्हे, मीटरपासून करावी. घराचे अर्थिंग जिथे आहे त्याच्या जवळूनच केबल आत घ्यावी आणि आत शिरण्याआधी तिची जाळी धातूच्या ब्लॉकमधून अर्थिंगला जोडावी. खांबापासूनची तार तांब्याची, १६ चौरस मिलिमीटरची आणि शक्य तितकी सरळ असावी. कवेलूच्या किंवा टिनाच्या घरांवर आढ्याशी उंच पाइप उभारण्याची हौस दिसते. तिची गरज नाही, कारण उंचीने चित्र सुधारत नाही, आग्नेयेचे आभाळ मोकळे असले की पुरते. छपराच्या कडेपासून २ मीटरहून खाली आणि भिंतीपासून दीड मीटरच्या आत बसवलेल्या छत्रीला तर आंतरराष्ट्रीय मानकही खांबाच्या अर्थिंगातून सूट देते. अर्थिंग नाही म्हणून न्यूट्रलला तार जोडणारेही मी पाहिले आहेत. तो प्रकार जिवावर बेतू शकतो.

आपल्या काळ्या जमिनीची वेगळी अडचण आहे. पावसाळ्यात ती उत्तम अर्थ देते, पण वैशाखात भेगा पडून माती अर्थिंगच्या रॉडपासून सुटते, आणि विजांचा कडकडाट सुरू होतो तो नेमका तेव्हाच, पहिल्या पावसाच्या आधी. हातभर रॉड तिथे निरुपयोगी आहे. ४० मिलिमीटर व्यासाचा, किमान अडीच मीटर लांबीचा जस्तलेपित पाइप ओलीपर्यंत उतरवावा आणि उन्हाळ्यात खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावे.

केबल आरजी-६ या प्रकारची असावी. तिच्याच मधल्या तारेतून एलएनबीला, म्हणजे छत्रीसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला, १३ किंवा १८ व्होल्ट जातात, म्हणून अंतर लांब असेल तर तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादी तारेपेक्षा निव्वळ तांब्याची तार घ्यावी. आत शिरण्यापूर्वी केबलला खाली झोल द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाते. वानरांचा उपद्रव असेल तिथे ती पाइपातून न्यावी.

थेट छत्रीवर वीज कोसळली तर यातले काहीही उपकरणे वाचवेल याची हमी नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अॅप विजेची सूचना देते. ती येताच, गडगडाट दूर असतानाच, प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवावे. वीज डोक्यावर आल्यावर त्यांना हात लावू नये.

जोडणी करणाऱ्या कंपन्यांनी आपल्या पावतीवर अर्थिंगचा एक रकाना छापावा आणि तो कोरा असेल तर ग्राहकाने सही करू नये, एवढी विनंती आपल्या पत्राद्वारे करीत आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त तारतंत्री,
जि. यवतमाळ