हेडसेट घालण्याआधी

सोलापूर

चि. सायलीस,

अनेक आशीर्वाद. आर्किटेक्चरच्या प्रोजेक्टला आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या मागवाल्याचं घर हा विषय तुला मिळाला, खूप बरं झालं. खाली माग, वर बिऱ्हाड. डोळ्यांवर चढवून कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमध्ये उभं राहता येतं तो व्हीआर हेडसेट मात्र शेवटच्या ज्युरीसाठी, म्हणजे परीक्षकांसमोरच्या सादरीकरणासाठी, राखून ठेवू नकोस. भिंती पांढऱ्या आहेत, मटेरियल लावलेलं नाही, तेव्हाच आत जाऊन बघ. एकदा रंग चढले की चूक दिसली तरी मोडायला जीव होत नाही.

आधी होस्टेलची खोली टेपाने मोजून तिचं साधं मॉडेल कर आणि हेडसेट घालून तिच्यात उभी राहा. हेडसेटमध्ये अंतरं बहुधा खऱ्यापेक्षा कमी भासतात. रोजची खोली किती आखडते ते कळलं, की डिझाइनमधली खोली उगाच वाढवणार नाहीस. हेडसेट क्वेस्ट 2 असेल तर लेन्स 58, 63 आणि 68 मिमी अशा तीनच जागी सरकतात. बाहुल्यांमधलं अंतर मोजून जवळची जागा निवड. खुर्चीत बसून बघताना जमिनीची पातळी न बदलता डोळ्याची उंची उभ्या माणसाची धर, नाहीतर 900 मिमीचा कठडा छातीशी येतो आणि तू तो विनाकारण खाली आणशील.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ऊन. मॉडेल करायच्या स्केचअप सॉफ्टवेअरच्या नव्या फाइलमध्ये ठिकाण बदललं नाही तर ते अमेरिकेतलं बोल्डर असतं. तिथे 40 अंश अक्षांशावर दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेला. सोलापूर 17.7 अंशावर, म्हणून मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्य उत्तरेला कलतो. करवतीच्या दात्यांसारखं, उत्तरेकडून काचेतून उजेड घेणारं नॉर्थ लाइट छत तू धरलंयस, त्याची गोम इथेच आहे. ठिकाण सोलापूर, वेळ जागतिक वेळेच्या (UTC) साडेपाच तास पुढे, तारीख 21 जून कर आणि सकाळी आठला मागाशी उभी राहा. उत्तरेच्या काचेतून तिरपा उन्हाचा पट्टा आत येईल. तो ताण्यावर, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांवर, पडला तर कारागिराला तुटलेला धागा दिसणार नाही. काच 1.2 मीटर उंच असेल तर वर 150 मिमीचा छज्जा दे आणि दर 600 मिमीवर 300 मिमी खोल उभ्या फिन्स, म्हणजे ऊन अडवणाऱ्या पट्ट्या, लाव. मग पुन्हा सात, आठ, साडेबारा, पाच अशा वेळा बघ. माध्यान्ह साडेबाराच्या सुमारास असते.

ऊन कुठे पडतं ते हेडसेटवर बघ, त्याची झळाळी मात्र त्यावरून ठरवू नकोस. त्याचा पडदा खऱ्या उन्हाच्या जवळपासही उजळत नाही. त्यात ऑटो एक्स्पोजर, म्हणजे उजेड आपोआप जुळवून घेणारी सोय, चालू असेल तर अंधारी खोलीसुद्धा लख्ख दिसते. ते बंदच ठेव.

जिन्याचं भान मात्र हेडसेट देत नाही. टेलिपोर्ट केलं, म्हणजे न चालता एकदम दुसऱ्या जागी गेलं, की गुडघ्याला काही कळत नाही, आणि डोकं बीममधून आरपार जातं. पायरी 190 मिमीच्या वर नको. डोक्यावरची जागा सेक्शनवर, म्हणजे इमारत उभी कापून काढलेल्या नकाशावर, टेपानेच मोज.

मळमळ झाली तर लगेच काढ. डोळा चालतो आणि तोल सांभाळणारा कान थांबलेला असतो, म्हणून ती होते. हातातल्या कंट्रोलरच्या स्टिकने सरकण्याऐवजी टेलिपोर्ट वापर, दहा-पंधरा मिनिटांत थांब. मॉडेल अडखळलं तर मळमळ आणखी वाढते. 72 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 72 चित्रं दाखवताना, एक फ्रेम सुमारे 14 मिलिसेकंदांत तयार व्हावी लागते. नटबोल्टसकट उतरवलेला माग आणि पानापानाचं झाड, बहुतेक वेळा यांनीच गाडी अडते. मागाच्या जागी ठोकळा ठेव, भोवती माणसाला वावरायला लागणारी जागा तेवढी अचूक दाखव.

वापरून झाल्यावर हेडसेट खिडकीत ठेवू नकोस. लेन्स भिंगासारखी ऊन गोळा करते आणि पडद्यावर कायमचा डाग पडतो.

फिन्स लावून झाल्या की नॉर्थ लाइटमधून कापलेला सेक्शन पाठव, 1:50 मध्ये.

तुझी,
आई