ऑडिशनचं वेळापत्रक ऑगस्टमध्येच मांडा

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

परदेशी शिक्षणावरच्या पुरवण्यांत अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाच्या प्रवेशाच्या तारखा तपशिलात छापून येतात. अमेरिकेत म्युझिकल थिएटरची (गायन-नृत्य-अभिनयाची) बीएफए, म्हणजे बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स, पदवी घेऊ पाहणाऱ्यांना मात्र ‘ऑडिशन द्यावी लागते’ यापलीकडे फारसं काही वाचायला मिळत नाही. खरी गुंतागुंत तिथूनच सुरू होते. अर्ज दहा-पंधरा कॉलेजांना जातात, प्रत्येकाची ऑडिशन वेगळी, आणि जवळजवळ सगळ्या नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत. ऐन हिवाळा, विमानं रद्द होण्याचे दिवस. म्हणून हे थोडं सविस्तर पत्र.

सुरुवात ऑगस्टमध्ये करावी लागते. कॉमन अ‍ॅपचा, म्हणजे अनेक कॉलेजांसाठीच्या सामायिक ऑनलाइन पद्धतीचा, अर्ज १ ऑगस्टला खुला होतो. त्यातून जास्तीत जास्त २० कॉलेजांना अर्ज करता येतो. पण तो झाला शैक्षणिक अर्ज. नाट्यविभागाचा अर्ज बहुतेक ठिकाणी वेगळ्या पोर्टलवर असतो, त्याचं शुल्क वेगळं आणि मुदतही वेगळी, बहुधा आधीची. शैक्षणिक अर्जाची मुदत जानेवारीत आहे म्हणून निवांत राहिलेल्या घरांना प्रीस्क्रीनची तारीख नोव्हेंबरमध्येच उलटून गेल्याचं नंतर कळतं. प्रीस्क्रीन म्हणजे आधी पाठवायचे व्हिडिओ. ते पसंत पडले तरच प्रत्यक्ष ऑडिशनचं बोलावणं येतं. बऱ्याच कॉलेजांनी ‘कॉमन प्रीस्क्रीन’ ही सामायिक पद्धत स्वीकारली आहे. तिच्यात गाणी, स्वगत आणि नृत्य यांचे ठरावीक पर्याय असतात आणि आपल्याला कोणता पर्याय हवा ते प्रत्येक कॉलेज सांगतं. त्यामुळे सप्टेंबरमध्ये एकदा नीट चित्रीकरण केलं की बहुतेकांचं काम भागतं. तरीही काही कॉलेजांच्या अटी निराळ्या असतात, म्हणून चित्रीकरणाच्या दिवसाआधी सगळ्यांच्या अटी एका कागदावर उतरवून घ्याव्यात. एका राहिलेल्या गाण्यासाठी पियानोवादक, जागा आणि कॅमेरा पुन्हा जमवणं फार जड जातं.

प्रीस्क्रीनमध्ये निवड झाली की ऑडिशनचा स्लॉट घेण्यासाठी ईमेलवर लिंक येते, आणि बऱ्याच ठिकाणी जो आधी त्याला आधी असा न्याय असतो. बोलावणं आल्यावर कॅलेंडर उघडणारे मागे पडतात. कोणत्या कॉलेजची ऑडिशन कुठे द्यायची, याची पहिली आणि दुसरी पसंती आधीच लिहून ठेवलेली असावी. सगळ्या अर्जांना एकच ईमेल पत्ता द्यावा आणि डिसेंबरभर स्पॅम फोल्डर रोज उघडून पाहावा.

आता युनिफाइड ऑडिशन्स. वीसहून अधिक कॉलेजं जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत न्यूयॉर्क, शिकागो आणि लॉस एंजेलिस इथे एकत्र येऊन ऑडिशन घेतात. नावामुळे बराच गैरसमज होतो. ही एकच सामायिक परीक्षा नव्हे. कॉलेजं एका शहरात, पुष्कळदा एकाच इमारतीत, आपापल्या खोल्या घेऊन बसतात, एवढंच. नोंदणी प्रत्येकाकडे वेगळी, निकालही वेगळा. दोन कॉलेजांच्या वेळा आदळल्या तर ते कुणाच्याही लक्षात येत नाही. ते पाहणं उमेदवाराचंच काम. शिवाय युनिफाइडमध्ये नसलेली काही कॉलेजंही त्याच आठवड्यात जवळपास ऑडिशन ठेवतात. त्यामुळे एका शहरात चार दिवस राहून सात-आठ ऑडिशन होऊ शकतात. पैसे वाचतात ते इथेच.

वेळा एकमेकांवर आदळतात कशा, हे समजून घेण्यासारखं आहे. गाण्याचा आणि स्वगताचा वैयक्तिक स्लॉट पाच-दहा मिनिटांचा असतो आणि विनंती केली तर अनेकदा पुढेमागे सरकतो. डान्स कॉल, म्हणजे नृत्याची चाचणी, मात्र सामूहिक असतो. ठरलेल्या वेळी, तास-दीड तासाचा, कित्येकदा सकाळी पहिला किंवा संध्याकाळी उशिरा, आणि तो कुणा एकासाठी हलत नाही. कॉलबॅकचंही, म्हणजे पसंत पडलेल्यांना पुन्हा बोलावण्याचंही, तेच, काही कॉलेजं तो त्याच संध्याकाळी घेतात आणि नावं तासभर आधी लावतात. म्हणून वेळापत्रक मांडताना आधी डान्स कॉल लिहावेत, मग कॉलबॅकच्या संभाव्य वेळा मोकळ्या सोडाव्यात आणि उरलेल्या जागी वैयक्तिक स्लॉट बसवावेत. बहुतेक जण उलटं करतात: आधी स्लॉट घेतात आणि मग एकाच वेळी दोन डान्स कॉल आल्याचं पाहून हबकतात.

एकाच इमारतीतल्या दोन स्लॉटमध्ये किमान पाऊण तास हवा, इमारत बदलत असेल तर दीड तास. पाऊण तास जास्त वाटेल, पण खोल्या मागे पडतात, लिफ्टसमोर रांगा असतात, आणि नृत्याचे कपडे बदलून पुन्हा गाण्याच्या पोशाखात यायला पंधरा मिनिटं जातातच. शिकागोतल्या ऑडिशन्स अनेक वर्षं डाउनटाउनमधल्या पामर हाउस हॉटेलात भरत आल्या आहेत. नेमका पत्ता मात्र त्या त्या वर्षीच्या सूचनेतच पाहावा. त्याच हॉटेलात खोली घेतली तर महाग पडते, तरी ती घ्यावी असं आमचं मत आहे. दोन ऑडिशनच्या मध्ये वर जाऊन वाफ घेता येते, दहा मिनिटं पडता येतं, बूट बदलता येतात. मन मारून पैसे वाचवायचेच असतील तर ते जेवणात किंवा विमानात वाचवावेत. आणि अठरा वर्षांखालच्या मुलामुलीच्या नावावर अमेरिकेतली हॉटेलं सहसा खोली देत नाहीत. काही ठिकाणी ही अट २१ची आहे. सोबतचं माणूस आधीच ठरवून ठेवावं.

दिवसाला तीन ऑडिशन ठीक, चार म्हणजे कमाल. पाचवी घेतलेली दिसते तेव्हा ती बहुधा पालकांनी घेतलेली असते. सगळ्यात आवडतं कॉलेज पहिल्या दिवशी पहिलं ठेवू नये. जिथे प्रवेशाची शक्यता जास्त आहे असं एखादं आधी ठेवावं, म्हणजे खोलीचा, टेबलामागच्या माणसांचा आणि स्वतःच्या धडधडीचा अंदाज येतो. आवडतं कॉलेज अगदी शेवटीही नको, तोवर गळा थकलेला असतो.

काही ऑडिशन कॉलेजच्या आवारात जाऊन देण्यासारख्या असतात. युनिफाइडमध्ये दिली काय आणि आवारात दिली काय, निवडीत फरक पडत नाही असं बहुतेक कॉलेजं सांगतात. आवारात जाण्याचा फायदा वेगळा आहे: शिकणारे विद्यार्थी भेटतात, तालमीच्या जागा दिसतात. पण अशी ठिकाणं भूगोल पाहून निवडावीत. मिशिगन विद्यापीठ अ‍ॅन आर्बरला आहे आणि विमानतळ डेट्रॉइटचा. सिनसिनाटी विद्यापीठाच्या सीसीएम या संगीत-नाट्य महाविद्यालयासाठी उतरायचं तो विमानतळ नदीपलीकडे केंटकी राज्यात येतो. नकाशात ‘दुसरं राज्य’ पाहून घाबरू नये. बाल्डविन वॉलेस विद्यापीठ ओहायोतल्या बेरिआ गावी, क्लीव्हलंड विमानतळाच्या अगदी शेजारी. सिनसिनाटी ते बेरिआ रस्त्याने सुमारे ३८० किलोमीटर, तिथून अ‍ॅन आर्बर सुमारे २५० आणि क्लीव्हलंडहून पिट्सबर्ग, म्हणजे कार्नेगी मेलन विद्यापीठ, सव्वादोनशेच्या आत. तारखा जुळल्या तर ही चार एका मोटारफेरीत होतात आणि विमान रद्द होण्याची भीती राहत नाही. अर्थात एरी सरोवराच्या काठाने हिमवर्षाव जोरात होतो, म्हणून रात्रीचा प्रवास टाळून प्रत्येक टप्प्यात अर्धा दिवस राखीव ठेवावा. चालक २५ वर्षांखालचा असेल तर भाड्याच्या गाडीला जादा आकार लागतो. पेन स्टेट आणि इथका कॉलेजच्या गावचे विमानतळ छोटे, उड्डाणं मोजकी. एक चुकलं तर पुढचं कदाचित दुसऱ्या दिवशी. तिथली ऑडिशन न्यूयॉर्कमध्ये किंवा ऑनलाइन देता येत असेल तर ती घ्यावी.

विमानाचे नियम थोडक्यात. ऑडिशनच्या आदल्या दिवशी सकाळच्या उड्डाणाने पोचावं, संध्याकाळच्या नव्हे. दिवसभर साचलेला विलंब संध्याकाळच्या प्रवाशांच्या वाट्याला येतो. शेवटच्या दिवशी रात्रीचं परतीचं तिकीट काढलं की नेमका त्याच दिवशी कॉलबॅक येतो, म्हणून परतणं दुसऱ्या दिवशी. ‘बेसिक इकॉनॉमी’ तिकीट स्वस्त असतं पण त्यात सहसा बदल करता येत नाही. या कामासाठी ते घेऊ नये. अमेरिकेच्या नियमानुसार उड्डाणाला सात दिवस किंवा जास्त बाकी असताना थेट विमान कंपनीकडे काढलेलं तिकीट २४ तासांत रद्द केलं तर पूर्ण पैसे मिळतात किंवा तितका वेळ तिकीट रोखून तरी धरता येतं. कंपनीनेच उड्डाण रद्द केलं आणि तुम्ही पर्यायी प्रवास नाकारला, तरीही परतावा मिळतो. नृत्याचे बूट, स्वरलिपीची फाइल आणि ऑडिशनचा एक पोशाख हातातल्या बॅगेतच. विमानातली हवा फार कोरडी असते आणि हिवाळ्यात तापवलेल्या हॉटेलच्या खोल्याही. पाणी सतत हवं, आणि खोलीत हवा दमट ठेवणारं छोटं यंत्र असेल तर उत्तम.

घड्याळाचा घोटाळा स्वतंत्र परिच्छेदाच्या लायकीचा आहे. स्लॉटची वेळ त्या शहराची असते. न्यूयॉर्कपेक्षा शिकागो एक तास मागे, लॉस एंजेलिस तीन तास मागे. फोनमधलं कॅलेंडर प्रवासात आपोआप वेळ बदलतं आणि तिथेच फसवतं. लॉस एंजेलिसमध्ये बसून शिकागोचा सकाळी १०चा स्लॉट साधा ‘१०’ म्हणून टाकला, तर शिकागोत उतरल्यावर फोन तो दुपारी १२चा दाखवील आणि उमेदवार दोन तास उशिरा पोचेल. नोंद करताना वेळेचा पट्टा (टाइम झोन) मुद्दाम निवडावा, किंवा सरळ कागदावर लिहावं. कागद बदलत नाही.

भारतातून ऑनलाइन ऑडिशन देणाऱ्यांना तर तारीखही सांभाळावी लागते. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. ३ फेब्रुवारी दुपारी २ म्हणजे आपल्याकडे ४ तारखेचे मध्यरात्रीनंतरचे साडेबारा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात. त्याआधी हे अंतर साडेनऊ तासांचं असतं. शक्य असेल तर तिथला सकाळी ९ ते १०चा स्लॉट मागावा, म्हणजे इथे संध्याकाळी साडेसात ते साडेआठ होतात आणि गळाही मोकळा असतो. प्रत्यक्ष जायचं असेल तर व्हिसा हातात पडेपर्यंत परतावा न मिळणारं काहीही काढू नये. शिवाय इथल्या बारावीच्या प्रात्यक्षिक आणि लेखी परीक्षा नेमक्या याच काळात येतात. परीक्षा हलत नाही, म्हणून तिच्या तारखा त्या वेळापत्रकात डान्स कॉलच्याही आधी लिहाव्यात.

कागदपत्रांत एक बारीक अडचण. तिकडे फोटो ८ × १० इंचांचा लागतो आणि त्याच्या पाठीला परिचयपत्रक त्याच मापात कापून टाचलेलं असतं. ए-४ कागद तसाच जोडला तर तो बाहेर लोंबतो. पियानोवादकासाठीची स्वरलिपी तीन कड्यांच्या फाइलमध्ये देतात. आपल्याकडच्या दोन भोकांच्या फाइली तिथे चालत नाहीत. पानं पाठपोट, सुरुवात, शेवट आणि गाळलेला भाग ठळक खुणांनी दाखवलेले. काही खोल्यांत पियानोवादक नसतो, रेकॉर्ड केलेली साथ लागते. ती फोनवर उतरवून घेतलेली असावी, कारण शेकडो उमेदवारांच्या गर्दीत हॉटेलचं वायफाय दगा देतं. छोटा स्पीकर आदल्या रात्री चार्ज करून ठेवावा.

आजारपण गृहीत धरावं. जानेवारी-फेब्रुवारी हा तिथे फ्लूचा हंगाम. आवाज बसला तर गुपचूप न जाता स्लॉटच्या आधी विभागाला ईमेल करून दुसरी तारीख किंवा ऑनलाइन पर्याय विचारावा. बरीच कॉलेजं फेब्रुवारीअखेर काही ना काही सोय करतात. ती सोय घेता यावी म्हणून फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा मुद्दाम रिकामा ठेवायचा.

आणि सगळे पैसे, सगळ्या रजा फेब्रुवारीतच संपवू नका. बहुतेक निकाल १ एप्रिलपर्यंत लागतात आणि उत्तर सहसा १ मेपर्यंत द्यायचं असतं. त्या महिन्यात, जिथे प्रवेश मिळाला आहे अशा दोन-तीन कॉलेजांत जाऊन एखादा वर्ग पाहणं आणि शिष्यवृत्तीची बोलणी करणं शिल्लक असतं.

आपल्या पुरवणीने हे वेळापत्रक दरवर्षी जुलैअखेर छापावं, ही विनंती.

आपले,
ऑडिशनची तयारी करून घेणारे गायन आणि नृत्य शिक्षक