दत्तू, आई तुझंच ऐकेल

खानापूर

प्रिय दत्तू,

पत्र बघून घाबरू नकोस. फोनवर हे बोलता येत नाही, आई पलीकडच्या खोलीत असते आणि तिला सगळं ऐकू जातं. इतके दिवस तुला लिहिलं नाही, रागावला असशील तर आल्यावर भांड. माझी शुगर ठीक, गुडघा जसा होता तसाच.

आईला नागीण झाली होती ते वहिनीकडून कळलंच असेल. फोड सुकले, खपल्या पडल्या, त्याला तीन महिने होऊन गेले. लोक येतात, डाग बघतात आणि म्हणतात, "बरी झाली की!" दत्तू, ती बरी झालेली नाही. डाव्या बाजूला कण्यापासून बरगडीखालून पोटापर्यंत पट्टाच्या पट्टा पेटलेला असतो. पदर लागला तरी कळवळते. ब्लाऊजची कड दोन बोटांनी अंगापासून लांब धरून बसते, हात भरून आला की हात बदलते. पंख्याचा वारासुद्धा सोसत नाही. रात्री एकदमच सुरी फिरवल्यासारखी कळ येते, मग उठून तुळशीच्या कट्ट्यावर जाऊन बसते. बाबांच्या वेळी एक टिपूस न गाळलेली बाई रे ती.

सुरुवातीला मोठ्या काकूंनी तिला नागीण उतरवायला नेलं, गेरू लावला. तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो, ही भीती काकूंच्या मनात पक्की. डॉक्टर म्हणाले, ती नसेच्या वाटेने एकाच बाजूला उठते, वेढा पूर्ण होतच नाही. पण विषाणूवरच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर खरा उपयोग, आणि ते तास गेरूतच गेले. मी काकूंशी अजून नीट बोलत नाही.

आणि हे दुखणं आलं कुठून माहितीये? कांजिण्यांतून. लहानपणी येऊन गेलेला तो विषाणू कण्याजवळ नसेच्या मुळाशी दबा धरून बसतो आणि वय झालं, अंगातली ताकद कमी झाली की उठतो. चौथीत आपण दोघं एकाच सतरंजीवर कडुलिंबाच्या पाल्यात लोळत होतो, आठवतं? आधी तुला आल्या, तूच मला दिल्यास. तू कितीही नाकबूल कर, आई साक्षीला आहे! म्हणजे तो तुझ्यातही आहे, माझ्यातही. पन्नाशीनंतर घ्यायची लस आपल्याकडे आता मिळते, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. महाग आहे, तरी घे. मी घेणार आहे.

आता मूळ गोष्ट. नसांच्या दुखण्यावरची प्रीगाबालिन चालू आहे, रात्री नॉर्ट्रिप्टिलिनची लहान गोळी. ती उदासीनतेवरची गोळी आहे असं दादाने मोबाईलवर वाचलं आणि घर डोक्यावर घेतलं, "आई काय वेडी आहे?" नसांच्या दुखण्यावरही ती कमी मात्रेत देतात, हे डॉक्टरांनी त्याला दोनदा सांगितलं. मिरचीतल्या द्रव्याचं मलमही लावून बघितलं. आई म्हणाली, "मिरचीच लावायची तर संकेश्वरी तरी आणायची!" त्या दिवसात तेवढीच ती हसली.

मग कोणीतरी बेळगावात अॅक्युपंक्चरवाले सुचवले. भिंतीवर डॉ. कोटणीसांचा फोटो. १९३८ साली चीनला गेलेल्या त्यांच्याच तुकडीतल्या डॉ. बसूंनी पुढे ही विद्या तिथे शिकून कोलकात्यात आणली, असं त्यांनी सांगितलं. कोटणीस म्हणजे सोलापूरचा पोरगा म्हणताच आईचा जीव भांड्यात पडला. केसाएवढ्या सुया, नव्या पाकिटातल्या. दुखऱ्या कातडीवर एकही नाही, कडेकडेने आणि कण्यालगत. मग वायर जोडून बारीक करंट. "मुंग्या आल्यागत होतंय," म्हणाली. परत येताना बसमध्ये माझ्या खांद्यावर झोपली. सुया घेतलेल्या दिवशी झोप लागते, कळ थोडी बोथट होते, मग पुन्हा तेच. काहींना गुण येतो, पक्की खात्री कोणी देत नाही, आणि त्या गृहस्थांनीही दिली नाही. त्यांना मी मानतो ते म्हणूनच. "गोळ्या बंद करू नका," हेही त्यांनीच बजावलं.

दादा मात्र गोळ्या बंद करा म्हणून बसलाय. आईला गुंगी येते, एकदा मोरीत तोल गेला, हे खरंच. पण प्रीगाबालिन एकदम तोडायची नसते, मात्रा हळूहळू उतरवतात. डॉक्टरांनी नस बधिर करायचं इंजेक्शनही सुचवलंय. कण्याजवळ सुई म्हटल्यावर आईने हात जोडले. "दत्तू काय करूलालाय? त्याला इचार," एवढंच म्हणाली. माझं ऐकत नाही, दादाला घाबरते. तुझं ऐकेल. तिला इंजेक्शन घ्यायला लाव असं मी म्हणत नाही, पण समोर बसून दोन्ही बाजू तिला सांग. नको म्हणाली तर नको. दादाने परस्पर ठरवायचं नाही, एवढंच.

तुझ्या बदलीचं काय झालं? धाकटीची बारावी कशी गेली? वैनींना नमस्कार. रिपोर्टांचे फोटो आजच पाठवतो, पुण्यात कोणा पेन क्लिनिकवाल्याला, म्हणजे दुखण्यावरच्या डॉक्टरला, दाखवून ये. शनिवारी रात्री निघालास तर कुठल्या गाडीने ते कळव, मी स्टँडवर येतो.

तुझा,
बाळू