बाबांचे पाय आणि आईची गोळी

पुणे

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
कृ. सा. न. वि. वि.

दोघांचेही रिपोर्ट मिळाले. फोनवर काही सांगायला गेलं की बाबा "हं, हं" करून फोन आईकडे देतात आणि आई म्हणते, "तू ये, मग बघू." म्हणून लिहूनच पाठवते. वाचून झालं की हा कागद फोंड्याला डॉक्टरांकडे जाताना पिशवीत टाका. गोळ्यांचा शेवटचा शब्द त्यांचा.

बाबा, आधी तुमचं. बी१२ जीवनसत्त्व आलंय १४२. आमच्या लॅबमध्ये हा आकडा २००च्या खाली गेला की आम्ही पुढे खूण करतो. पण आकड्यापेक्षा आईने सांगितलेली गोष्ट माझ्या मनात राहिली. सकाळी तोंड धुताना डोळे मिटले की तुमचा तोल जातो, म्हणून तुम्ही एका हाताने नळ धरता. देवळात जाताना चप्पल पायातून निसटते आणि चार पावलं पुढे गेल्यावर कळतं. तुम्ही म्हणता, वय झालं. वय झालंच आहे, पण हे सगळं त्याच्या माथी मारू नका. पाऊल कुठे पडलंय ही खबर मेंदूला पायाच्या नसा देतात, डोळे देतात आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग देतो. पायाकडची खबर पोचेनाशी झाली की माणूस नकळत डोळ्यांवर भिस्त ठेवतो. डोळे मिटले की पितळ उघडं पडतं. पाय जुळवून, डोळे मिटून उभं राहायला डॉक्टर सांगतात ती हीच परीक्षा. परवा त्यांनी लोखंडी काटा वाजवून तुमच्या घोट्याच्या हाडावर टेकवला आणि "थरथर जाणवते का?" विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणे "कसली थरथर?" असं उलट विचारलंत. आई हसत सांगत होती. मला हसू आलं नाही.

तुमचा उभा जन्म वीज खात्यात खांबांवर गेला, म्हणून तुमच्याच भाषेत सांगते. नसेवर मायलिन नावाचं वेष्टण असतं, चरबी आणि प्रथिनांचं. ते धड राहायला बी१२ लागतं. ते कमी पडलं की वेष्टण झिजतं, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतलंसुद्धा. लाइन एकदम तुटत नाही, व्होल्टेज पडत जातं. म्हणून आधी मुंग्या, मग कापसावर चालल्यासारखं, मग तोल. पुढे विसरभोळेपणा आणि चिडचिडही येते, आणि घरचे म्हणतात म्हातारा हट्टी झाला. (आई, हे तू वाचलं नाहीस.)

तुमचं बी१२ कमी का झालं, याचा फार शोध घ्यावा लागत नाही. पंढरपूरहून माळ घालून आलात तेव्हापासून मासे, अंडी सगळं सुटलं. वनस्पतींमध्ये बी१२ जवळजवळ नसतंच. शिवराक, म्हणजे शाकाहारी माणसाला ते दूध-दह्यातून मिळेल तेवढंच. त्यात साखरेसाठी मेटफॉर्मिन इतकी वर्षं चालू आहे, आणि ती दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये बी१२ उतरतं हे आता सगळ्या डॉक्टरांना माहीत आहे. वर पित्ताची गोळी. अन्नातल्या प्रथिनाला चिकटलेलं बी१२ सोडवायला जठरातलं आम्ल लागतं, आणि ती गोळी नेमकं आम्लच कमी करते. सुटल्यावरही त्याला जठरातूनच निघणाऱ्या एका प्रथिनाचा हात धरून लहान आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत जावं लागतं, तेव्हा कुठे ते रक्तात शिरतं. वयानुसार हे सगळंच मंदावतं. यकृतात काही वर्षं पुरेल इतका साठा असतो, म्हणून माळ घातल्यावर लगेच काही जाणवलं नाही. साठा संपला आणि आता पाय बोलायला लागले.

मेटफॉर्मिन आपल्या मनाने बंद करू नका. पित्ताची गोळी अजून लागते का, एवढं मात्र डॉक्टरांना जरूर विचारा. एकदा लिहून दिलेली ती गोळी वर्षानुवर्षं कुणी विचारल्याशिवाय चालू राहते.

आणि माळेला धक्का लागणार नाही. औषधातलं बी१२ जिवाणूंकडून तयार करून घेतात, त्यात मासा-मटण काही नसतं. कॅप्सूलचं आवरण मात्र बहुधा जिलेटिनचं असतं, म्हणून साधी गोळी मागा. पण तुमच्या बाबतीत सुरुवात इंजेक्शनने व्हायला हवी, कारण नसांवर परिणाम दिसायला लागलाय. मागाहून १००० मायक्रोग्रॅमची रोजची गोळी चालू शकते. रोजची गरज जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅमची असताना एवढी मोठी गोळी कशाला, असं तुम्ही विचाराल. त्या प्रथिनाची मदत नसली तरी मोठ्या मात्रेतला सुमारे १ टक्का आपोआप आत झिरपतो, तेवढा पुरतो. तुम्ही मोबाईलवर पाठवलेली ती हिरवी स्पिरुलिना पावडर नको. तिच्यात बी१२सारखं दिसणारं जे असतं, ते बहुतांश माणसाच्या शरीराला उपयोगाचं नसतं.

कपाटात 'नसांच्या गोळ्या' म्हणून तीन वेगवेगळ्या पाकिटांचा साठा आहे, तो आधी आवरा. तिन्हींत बी६ असणार, पाठीमागे वाचून बघा. बी६ जास्त मात्रेत, बराच काळ पोटात गेलं तर तेच नसा बिघडवतं आणि पुन्हा मुंग्याच येतात. मुंग्या आल्या म्हणून आणखी एक गोळी, असा तो फेरा. नुसतं फॉलिक अॅसिडही घेऊ नका. त्याने रक्त सुधारतं, रिपोर्ट बरा दिसतो आणि नसांची झीज आत चालूच राहते. बी१२ किंवा फॉलिक कमी असलं की सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी फुगलेल्या दिसतात, आणि पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाचे तीन-चार ऐवजी पाच-सहा तुकडे झालेले दिसतात. स्लाइडवर अशी पेशी दिसली की मी पेशंटचं वय बघते. हल्ली तरुणही निघतात, पण बरेचसे तुमच्या वयाचेच.

राहिली ती 'मेंदूच्या नसा नव्याने वाढवणारी' कॅप्सूल, जिची जाहिरात तुम्ही मला आणि दादाला दोघांनाही पाठवलीत. नसा वाढवणारा पदार्थ खरोखर असतो. तो ज्यांनी शोधला त्या इटलीच्या रिता लेव्ही-मोन्तालचिनी तुम्हाला आवडल्या असत्या. ज्यू असल्यामुळे १९३८च्या कायद्यांनी त्यांचं काम बंद पाडलं, तेव्हा त्यांनी झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा मांडली आणि कोंबडीच्या अंड्यांतल्या गर्भांच्या नसा तपासत बसल्या. पुढे अमेरिकेत गेल्या. उंदरांची एक गाठ कोंबडीच्या गर्भाजवळ ठेवली की नसा तिच्या दिशेने भराभर फुटतात, हे त्यांनी पाहिलं. गाठीतून काहीतरी झरत होतं, ते प्रथिन निघालं. स्टॅन्ली कोहेन यांच्यासोबत १९८६ साली त्यांना नोबेल मिळालं, तेव्हा त्या ७७ वर्षांच्या होत्या. गेल्या १०३व्या वर्षी. पण ते प्रथिन आहे हे विसरू नका. तोंडावाटे घेतलं तर पोटात डाळीच्या प्रथिनासारखं पचून जाईल, मेंदूपर्यंत पोचणार नाही. जाहिरातवाले तिकडचा शोध दाखवून इकडची पावडर खपवतात. ते पैसे राखून ठेवा.

आता आई. तुझं टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या तपासणीतला आकडा, ११ आलंय, आणि थायरॉइडची गोळी तर तू रोज घेतेस. मग उतरत का नाही? कारण ती तू चहाबरोबर घेतेस आणि पाठोपाठ हाडांची कॅल्शियमची गोळी. कॅल्शियम आतड्यातच त्या गोळीला धरून ठेवतं, रक्तात जाऊ देत नाही. उठल्याबरोबर उपाशीपोटी साध्या पाण्याने घे, मग अर्धा ते एक तास काही नको, चहासुद्धा नको. कॅल्शियम दुपारी जेवणानंतर. लोहाची गोळी चालू झाली तर तिलाही हाच नियम, मध्ये चार तास हवेत. डोस वाढवण्याआधी सहा ते आठ आठवडे असं करून बघूया का, म्हणून डॉक्टरांना विचार.

तू म्हणालीस, "माझं डोकं चालेनासं झालंय, शेजारणीचं नाव आठवत नाही." थायरॉइडचं हार्मोन कमी पडलं की मेंदूसकट सगळं शरीर मंद चालतं. सुस्ती, थंडी वाजणं, मन उतरणं, विसरणं. रात्री हात बधिर होऊन जाग येते, तेही त्यातलंच असू शकतं. मनगटाशी सूज येऊन नस दाबली जाते. म्हणूनच म्हाताऱ्या माणसाने विसरण्याची तक्रार केली की शहाणे डॉक्टर आधी टीएसएच आणि बी१२ बघतात. ही दोन्ही भरून निघणारी कारणं आहेत. तुझं बी१२ २४० आहे, काठावर. बाबांनी माळ घातली म्हणून तू घरात नुस्तं, म्हणजे मासे, करणंच सोडलंस, हे मला पटत नाही. माळ त्यांच्या गळ्यात आहे, तुझ्या नाही. मागच्या दारी वेगळी चूल मांड हवं तर, पण आठवड्यातून दोनदा बांगडा नाहीतर तारले खा. बी१२, डी, आयोडीन आणि मेंदूला लागणारी चरबी, सगळं त्या एका तुकड्यात आहे. बाबा, तुम्ही काही बोलणार नाही हे मला माहीत आहे. पण बोलणार नाही, हे तिला एकदा बोलून दाखवा.

फुगडीच्या मंडळातल्या मावशींनी सांगितलेली स्मरणशक्तीसाठीची हार्मोनची गोळी घेऊ नकोस. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या साडेचार हजारांहून जास्त बायकांवर ती तपासून झाली आहे. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका कमी व्हायचा सोडून दुप्पट निघाला. हे २००३ सालीच छापून आलंय. पाळी जातानाच्या त्रासासाठी तरुण बायकांना देतात, तो विषय वेगळा.

उकडे तांदूळ बंद करून महागातला पॉलिशचा आणायचा बेत कुणाचा? तो रद्द करा. भात सालीसकट उकडताना कोंड्यातलं बी१ दाण्यात मुरतं. जावा बेटावर आइकमन नावाच्या डच डॉक्टरांच्या कोंबड्या पॉलिश केलेल्या तांदळावर लुळ्या पडल्या आणि कोंडा मिळताच उभ्या राहिल्या. त्यातूनच बी१चा माग लागला आणि १९२९ साली त्यांना नोबेल मिळालं. पेज पिताना वरचं पाणी टाकू नका, बी१ पाण्यात उतरतं. बाबांनी वाटी एकच घ्यावी, साखर आहे.

चालणं सोडू नका, पण बाबा, उजेडात चाला. काळोखात तुमचे डोळे मदतीला येणार नाहीत, आणि पावसात त्या दगडी पायऱ्यांवर शेवाळ असतं. देवळात सांजेच्या आरतीऐवजी सकाळी जा. २०११ साली १२० वयस्करांवरचा एक अभ्यास आला होता. वर्षभर नेमाने चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी साठवायला लागणारा मेंदूचा भाग, २ टक्क्यांनी वाढला होता. पुढच्या सगळ्या अभ्यासांत तेवढं दिसलं नाही, पण त्यांतल्या कुणी चालू नका असंही म्हटलेलं नाही.

इंजेक्शनं सुरू झाली की आठ दिवसांत "काही फरक नाही" म्हणून सोडू नका. शरीरातली तुटलेली नस वाढते तीही दिवसाला साधारण १ मिलिमीटर, आणि कण्यापासून अंगठ्यापर्यंत मीटरभर वाट आहे. वेष्टण सावरायलाही महिने लागतात. किती परत येईल हे उणीव किती दिवस राहिली त्यावर आहे, म्हणून पहिलं इंजेक्शन याच सोमवारी. चवथीला येईन तेव्हा डोळे मिटून उभे करून बघणार आहे. तोवर न्हाणीत नळाच्या बाजूला भिंतीला एक दांडा बसवून घ्या, नळ उखडून हातात येईल.

तुमची,
बाय

ता. क. डी जीवनसत्त्वाचं पाकीट ६० हजार युनिटचं आहे, ते आठवड्यातून एकदा आणि डॉक्टर सांगतील तितकेच आठवडे. रोज नव्हे. डी अंगात साठून राहतं, फार झालं तर रक्तात कॅल्शियम चढतं आणि माणूस भ्रमल्यासारखा होतो. आणि आई, केसांसाठीची बायोटिनची गोळी थायरॉइडच्या तपासणीआधी दोन दिवस बंद ठेव. काही यंत्रांवर तिच्यामुळे टीएसएच खोटं कमी दिसतं.