व्हिडिओ सॉफ्ट दिसतो, पण दोष लेन्सचाच का?

संपादक महोदय,

मिररलेस कॅमेऱ्यांची परीक्षणे आणि खरेदीचे सल्ले वाचताना एक शेरा हमखास भेटतो : 'कॅमेरा उत्तम, पण सोबतची किट लेन्स व्हिडिओला सॉफ्ट पडते.' (किट लेन्स म्हणजे कॅमेऱ्याबरोबरच मिळणारी झूम लेन्स; सॉफ्ट म्हणजे रेखीव नसलेले, धूसर चित्र.) असा शेरा वाचून नवशिके किट लेन्स कपाटात टाकतात, महागडी लेन्स आणतात आणि व्हिडिओ पुन्हा तसाच धूसर आला की बुचकळ्यात पडतात. व्हिडिओतला शार्पनेस (रेखीवपणा) लेन्स, शटर (प्रत्येक फ्रेमला प्रकाश मिळण्याचा वेळ), अ‍ॅपर्चर (लेन्समधले प्रकाश येण्याचे छिद्र), सेन्सर (चित्र टिपणारी चिप) वाचण्याची पद्धत, कॅमेऱ्यातली प्रक्रिया आणि फाइलचे कॉम्प्रेशन या सगळ्यांतून गाळून आपल्यापर्यंत येतो. त्यातली लेन्स वेगळी काढून तपासता येते. ती कशी तपासायची, हे सविस्तर लिहावेसे वाटले.

आधी थोडा हिशेब. २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर आडवे ६००० पिक्सेल असतात. १६:९ च्या चौकटीत त्यातले सुमारे २ कोटी पिक्सेल वापरात येतात. ४के व्हिडिओची एक फ्रेम ३८४० बाय २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेलची. फुल एचडीची तर जेमतेम २१ लाखांची. जो कॅमेरा सेन्सरची पूर्ण रुंदी वाचून मग ४के पर्यंत आकसतो, त्याच्या व्हिडिओत लेन्सचा बराचसा बारीक दोष आकसण्यातच विरून जातो. म्हणून फोटो १०० टक्के मोठा करून पाहिल्यावर जी लेन्स नापास वाटते, ती ४के ला व्यवस्थित पास होऊ शकते. याउलट काही कॅमेरे सेन्सरच्या ओळी गाळून वाचतात. तिथे कितीही चांगली लेन्स लावा, तिरक्या रेषांना पायऱ्या पडतात, विटांच्या भिंतीवर आणि बारीक चौकटीच्या शर्टावर रंगीत लाटा उठतात आणि खरा तपशील हरवतो. एकाच कॅमेऱ्यात २५ फ्रेमला एक पद्धत आणि ५० किंवा ६० फ्रेमला दुसरी, असेही असते. शिवाय काही कॅमेरे जास्त फ्रेमला सेन्सरचा फक्त मधला भाग वापरतात. मग लेन्सचे कोपरे चित्रात येतच नाहीत, पण मधला भाग जास्त ताणला जातो. तेव्हा ज्या मोडमध्ये तुम्ही खरोखर शूट करता, त्याच मोडमध्ये चाचणी घ्या. दुसऱ्या मोडमधला निकाल तुमच्या कामाचा नाही.

सगळ्यात जास्त माणसे फसतात ती भर उन्हात. सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओला शटर १/५० सेकंद ठेवायचे, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलता) १०० आणि शटर १/५० वर लख्ख उन्हातला एक्स्पोजर (चित्राचा उजेड) सांभाळायचा तर अ‍ॅपर्चर एफ/२२ पर्यंत बंद करावे लागते (एफचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान). ऑटोवर असलेला कॅमेरा तर हे मुकाट्याने करून टाकतो. इतक्या लहान छिद्रातून जाताना प्रकाशाचे विवर्तन होते आणि प्रत्येक बिंदूची चकती बनते. हिरव्या प्रकाशासाठी एफ/२२ ला या चकतीचा व्यास साधारण ३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतो. एपीएस-सी नावाच्या आकाराच्या सेन्सरच्या २३.५ मिलिमीटर रुंदीत ३८४० पिक्सेल बसवले, तर ४के चा एक पिक्सेल सुमारे ६ मायक्रॉनचा. म्हणजे एका बिंदूचा फराटा जवळजवळ ५ पिक्सेलवर पसरतो. एफ/५.६ ला हीच चकती साडेसात मायक्रॉनची असते, पिक्सेलपेक्षा थोडीशीच मोठी. हे भौतिकशास्त्र आहे. किट लेन्स काढून तिच्या दहापट किमतीची लेन्स लावली, तरी एफ/२२ ला ती याहून चांगले काही करू शकत नाही.

हे पटत नसेल तर दोन क्लिप घ्या. कॅमेरा ट्रायपॉडवर, समोर ऊन पडलेली स्थिर भिंत. पहिली क्लिप १/५० आणि एफ/२२ वर, दुसरी १/८०० आणि एफ/५.६ वर. दोन्हींचा एक्स्पोजर एकच. भिंत हलत नाही, त्यामुळे शटरच्या फरकाने चित्रावर काही परिणाम होत नाही. दुसऱ्या क्लिपमध्ये प्लास्टरचे कण मोजता येतील इतके उघडे पडले, तर लेन्सची चौकशी तिथेच थांबवा. तुम्हाला एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे लावायची उजेड कापणारी काळपट काच, हवी आहे. एफ/२२ वरून एफ/५.६ वर यायला ४ स्टॉप (एक स्टॉप कापणे म्हणजे उजेड निम्मा करणे) कापावे लागतात, म्हणजे एनडी१६. लॉग प्रोफाइलमध्ये (नंतर रंग सुधारण्यासाठी फिकट चित्र नोंदवण्याच्या सेटिंगमध्ये) कॅमेरा किमान आयएसओ ८०० घेत असेल, तर आणखी ३ स्टॉप, म्हणजे एनडी१२८. मात्र फिल्टरही बरा घ्या. स्वस्त व्हेरिएबल (फिरवून गडदपणा बदलायचा) एनडी शेवटच्या टोकाला फिरवला की चित्रावर काळी फुली उमटते आणि झूमच्या लांब टोकाला, म्हणजे ५० किंवा ५५ मिलिमीटरला, तो स्वतःच चित्र मऊ करतो. लेन्स तपासताना कुठलाच फिल्टर पुढे नको, 'संरक्षणासाठी' लावलेला यूव्हीसुद्धा नको. पुढच्या काचेवर बोटाचा ठसा नाही ना, तेही पाहून घ्या. तेलकट ठशामुळे कॉन्ट्रास्ट पडतो आणि पडलेला कॉन्ट्रास्ट डोळ्याला थेट 'सॉफ्ट' वाटतो.

आता प्रत्यक्ष चाचणी. त्यासाठी छापील चार्ट लागत नाही, तुमच्या वर्तमानपत्राची पाने पुरतात. सपाट भिंतीवर मध्यभागी एक, चार कोपऱ्यांत चार आणि डाव्या-उजव्या कडांना एकेक, अशी सात पाने सुरकुती न पडता चिकटवा. चित्रात येणारी रुंदी साधारण २ मीटर ठेवा. एपीएस-सी कॅमेऱ्यावर झूम १८ मिलिमीटरला असेल तर त्यासाठी दीड मीटर अंतर लागते आणि ५५ ला ४.७ मीटर. अशा मांडणीत ४के चा एक पिक्सेल भिंतीवरच्या अर्ध्या मिलिमीटरएवढा होतो. बातमीचा बारीक मजकूर वाचता येणार नाही, तो लेन्सचा दोष धरू नका. पाहायची ती ५-६ मिलिमीटर उंचीची उपशीर्षके. आपली लिपी या कामाला फार सोयीची आहे. 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' या जोड्यांत मुख्य फरक शिरोरेषेतल्या फटीचा. ही फट जेमतेम दोन पिक्सेलची पडते. मधल्या पानावर 'ध' चा 'ध' दिसतो आणि कोपऱ्यातल्या पानावर 'घ' वाटू लागतो, तर कोपरा किती पडला हे लगेच कळते. अनुस्वाराचा ठिपका मात्रेपासून सुटा दिसतो की तिला चिकटतो, तेही बघा.

कॅमेरा भिंतीला काटकोनात नसेल, तर एक बाजू उगाच फोकसबाहेर जाईल आणि खापर लेन्सवर फुटेल. यासाठी एक साधी युक्ती आहे. चित्राच्या बरोबर मध्यावर भिंतीला एक छोटा सपाट आरसा टेकवून धरा. त्या आरशात लेन्सचे प्रतिबिंब चित्राच्या मध्यावर दिसेपर्यंत ट्रायपॉड हलवा. ते जुळले की काटकोन साधला. मग आरसा काढून घ्या.

स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) पूर्ण बंद करा. इलेक्ट्रॉनिक प्रकार चित्र कापून पुन्हा ताणतो, म्हणजे शार्पनेस तिथेच जातो. ऑप्टिकल प्रकार ट्रायपॉडवर कधीकधी उगाच हलत राहतो. कॅमेऱ्यातला शार्पनिंगचा आकडा कमीत कमी करा. तो वाढवला की अक्षरांभोवती पांढरी किनार येते आणि त्या किनारीलाच लोक तपशील समजतात. आयएसओ कमीत कमी ठेवा. खोलीत दिव्याखाली शूट करत असाल आणि वीज ५० हर्ट्झची असेल तर शटर १/५० किंवा १/१००, म्हणजे चित्र लुकलुकणार नाही. ६० हर्ट्झ असेल तर १/६० किंवा १/१२०. फोकस मॅन्युअल, चित्र मोठे करून, मधल्या पानावर आणि प्रत्येक अ‍ॅपर्चरला नव्याने. सतत चालणारा ऑटोफोकस चाचणीत नको, तो मध्येच श्वास घेतल्यासारखा मागेपुढे होतो.

झूमच्या तीन जागा घ्या : रुंद टोक, मध्य, लांब टोक. प्रत्येक ठिकाणी पूर्ण उघडे अ‍ॅपर्चर, त्याहून एक स्टॉप बंद, एफ/८, एफ/११ आणि एफ/१६. झूम पूर्ण ताणल्यावर 'एक स्टॉप बंद' म्हणजे जवळपास एफ/८ च होते, तिथे एक क्लिप वाचते. एकूण पंधराच्या आत क्लिप, प्रत्येक दहा सेकंदांची. सुरुवातीला 'अठरा मिलिमीटर, एफ आठ' असे मोठ्याने बोलून टाका. व्हिडिओ फाइलमध्ये ही माहिती नेहमी सापडतेच असे नाही आणि नंतर कुठली क्लिप कुठली, याचा घोळ होतो. शेवटी त्याच जागेवरून, एफ/८ ला, एक साधा फोटोही काढा. तो फोटो ३८४० पिक्सेल रुंदीला लहान करून व्हिडिओच्या फ्रेमशेजारी ठेवायचा. फोटो रेखीव आणि व्हिडिओ धूसर, तर लेन्स निर्दोष आहे. कॅमेऱ्याचा व्हिडिओ मोडच तपशील गमावतो आहे. दोन्ही सारखेच धूसर, तर मग लेन्सकडे किंवा फोकसकडे वळा.

क्लिप पाहतानाही चुका होतात. एडिटिंग सॉफ्टवेअरमधला प्लेबॅक अर्ध्या किंवा पाव रिझोल्यूशनवर असतो, किंवा प्रॉक्सी (मूळ क्लिपची हलकी प्रत) फाइल चालू असते. क्लिप सुरू होऊन तीन सेकंद गेल्यानंतरची फ्रेम पूर्ण रिझोल्यूशनमध्ये पीएनजी म्हणून बाहेर काढा आणि १०० टक्क्यांवर पाहा.

कोपरे खराब आले, तर कारण एकच नसते. फोकस कोपऱ्यातल्या पानावर घेऊन पुन्हा शूट करा. कोपरा सुधारला, तर लेन्सचे फोकसचे प्रतल वक्र आहे, म्हणजे मध्य आणि कोपरे एकाच वेळी सपाट भिंतीवर फोकस होत नाहीत. सपाट भिंतीखेरीज ते क्वचितच जाणवते. तसे करूनही सुधारला नाही, तर अ‍ॅपर्चर बंद करून बघा. एफ/८ ला सुधारणारा कोपरा हा किट लेन्सचा सर्वसाधारण स्वभाव. एफ/८ लाही न सुधारणारा, पण फक्त अगदी रुंद टोकाला दिसणारा दोष बहुधा डिजिटल दुरुस्तीचा असतो. लहान आकाराच्या अनेक किट लेन्स रुंद टोकाला सरळ रेषा वाकवतात आणि कॅमेरा त्या सॉफ्टवेअरने ताणून सरळ करतो. ताणलेल्या कोपऱ्यात नवा तपशील येणार कुठून? १६ ऐवजी १८ वर, १८ ऐवजी २० वर झूम आणला की बराच फरक पडतो.

गंभीर दोष तो, जो एकाच बाजूला असतो. उजवी कडा सॉफ्ट आणि डावी ठीक, तर लेन्समधला एखादा घटक केंद्रातून सरकलेला असू शकतो. खात्रीसाठी कॅमेरा उलटा करून त्याच भिंतीची क्लिप घ्या. दोष कॅमेऱ्याच्या त्याच बाजूला राहिला, तर तो लेन्सचा (किंवा लेन्स बसते त्या माउंटचा). भिंतीवरच्या त्याच पानांबरोबर राहिला, तर तुमचा काटकोन चुकला आहे. लेन्सवर निघाला तर वॉरंटीत बदलून मागा. असा दोष अ‍ॅपर्चर बंद करून थोडा झाकतो, जात नाही.

झाडांची पाने, वाहते पाणी, गवत यांचा लगदा होत असेल आणि भिंतीवरची अक्षरे मात्र रेखीव असतील, तर कॉम्प्रेशनला बिटरेट (दर सेकंदाला नोंदला जाणारा डेटा) पुरत नाही. चालणाऱ्या माणसाचे तसेच. चार सेकंदांत चित्र ओलांडणारा माणूस १/५० शटरमध्ये १९ पिक्सेल सरकतो. तो धूसर दिसणारच, आणि व्हिडिओत ते नैसर्गिकच दिसते. दुपारी दूरचे दृश्य लांब टोकाला थरथरत असेल, तर ती तापलेली हवा आहे.

किट लेन्समध्ये उणिवा नाहीत असे अजिबात नाही. झूम करताना तिचा फोकस बहुधा सुटतो आणि एफ/३.५ वरून एफ/५.६ वर जाताना सव्वा स्टॉपहून अधिक उजेड घटतो. म्हणून शूट करता करता झूम करायचे असेल, तर आधीच एफ/५.६ ठेवावे. कमी उजेडात तर ती खरोखर मागे पडते. एफ/१.८ च्या तुलनेत एफ/५.६ ला जवळजवळ दहापट आयएसओ लागतो. ६४० च्या जागी ६४००. मग कॅमेऱ्याचे नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे घालवणारी प्रक्रिया) केस, कापडाची वीण आणि त्वचा एकसारखी पुसून काढते. लग्नाचा हॉल किंवा रंगमंच शूट करणाऱ्याने दुसरी लेन्स जरूर घ्यावी, पण ती उजेडासाठी.

पाहणाऱ्याचे अंतरही विसरू नये. ५५ इंची टीव्हीवर ४के चा पिक्सेल ०.३२ मिलिमीटरचा असतो आणि सामान्य दृष्टीला तो सुमारे १.१ मीटरच्या आतूनच वेगळा ओळखता येतो. अडीच मीटरवरच्या सोफ्यावरून फुल एचडी आणि ४के यांतला फरकही निसटतो.

आपल्या पुरवणीत यापुढे एखाद्या लेन्सला 'व्हिडिओला सॉफ्ट' म्हणायचे झाले, तर सोबत एवढे छापावे, ही विनंती : कुठला व्हिडिओ मोड, किती मिलिमीटर, कुठले अ‍ॅपर्चर, शटर किती, फिल्टर होता का, शार्पनिंग किती ठेवले आणि चित्राचा कुठला भाग पाहिला. दोन ओळी लागतील. शक्य झाल्यास मधला आणि कोपऱ्यातला एकेक तुकडा १०० टक्क्यांवर शेजारी-शेजारी द्यावा.

आपला,
एक नियमित वाचक